टक्के किती आणि गरज कसली?

समजा, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्याच्या बाजूच्या एखाद्या वाडीत साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे. हाक मारली तर वळून बघत नाही. बोलणं दोन-तीन शब्दांच्या पुढे गेलेलं नाही. अंगणवाडीत सगळी पोरं गोलात बसली की हा कोपऱ्यात एकटाच झाकण फिरवत बसतो. आजी म्हणते, ‘बोलंल की, त्याचा बापबी उशिराच बोलला.’ सेविकाताई म्हणतात, ‘एकदा दाखवून तर घ्या.’ आईबापांना प्रश्न पडतो, कुणाला दाखवायचं?

त्यांना बहुतेक ठिकाणी एकच उत्तर ऐकू येतं: आधी दाखला आणा. म्हणजे डिंभे धरणाच्या कडेकडेनं घोडेगाव, तिथून मंचर, मंचरहून पुणे आणि औंधचं जिल्हा रुग्णालय. दोघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडते. पुढची तारीख मिळाली तर आणखी एका दिवसाची. जुन्नरच्या नाणेघाटाकडच्या गावांचं गणितही असंच आहे. दाखला निरुपयोगी आहे असं आपण म्हणत नाही. सवलती, शिष्यवृत्ती, साहित्य, पुढे आरक्षण, या सगळ्याला तो लागतो. पण ‘आधी दाखला, मग शिकवणं’ हा क्रम ठरवला कुणी?

कायदाच उघडून बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. १९९५ च्या आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता या नव्या कायद्यानं यादीत आल्या. यात दोन व्याख्या शेजारी शेजारी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक ‘दिव्यांग व्यक्ती’. तिच्या व्याख्येत टक्केवारी नाही. दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’. तिथे किमान ४० टक्के आणि प्रमाणपत्र. कलम ३१ मधला सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क या दुसऱ्या व्याख्येवर उभा आहे. पण कलम १६, म्हणजे शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, वैयक्तिक आधार द्यावा, हे पहिल्या व्याख्येवर उभं आहे. तिथे चाळीसचा आकडा नाही. (कलम १६ मध्ये शासन ‘प्रयत्न करील’ असा जरा सैल शब्द आहे, हेही सांगितलं पाहिजे. कायदा लिहिणारे असे शब्द उगाच घालत नाहीत.)

आता आमच्या विषयातली एक शंका. चाळीस टक्के, पण कशाचे? टक्का सांगतो की शरीराच्या किंवा मनाच्या एका कार्यात किती उणीव आहे. मुलाला वर्गात चित्रं दाखवून शिकवायचं, की खिडकीजवळच्या गोंगाटापासून दूर बसवायचं, की रोज दहा मिनिटं एकट्याला वेळ द्यायचा, हे तो सांगत नाही. अडतीस टक्केवाल्या मुलाला कदाचित बेचाळीसवाल्यापेक्षा जास्त मदत लागेल. उणिवेचं माप आणि गरजेचं वर्णन या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत.

हा भेद धोरणात आणणारी व्यक्ती तत्त्वज्ञानातलीच होती. मेरी वॉरनॉक, ऑक्सफर्डच्या. ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या त्यांच्या समितीचा अहवाल १९७८ साली आला. तोवर तिकडे मुलांचे वैद्यकीय प्रकार पाडायचे आणि त्यावरून शाळा ठरायची. समितीनं प्रश्नच बदलला: मुलाला काय झालंय यापेक्षा, शिकण्यासाठी त्याला काय लागतं? ‘विशेष शैक्षणिक गरज’ हा शब्द त्यातून रूढ झाला. १९८१ च्या कायद्यानं गरजेचं लेखी निवेदन आलं, आणि गंमत बघा, पुढे पालक त्या कागदासाठीच झगडू लागले. २००५ मध्ये वॉरनॉकबाईंनी स्वतः पुस्तिका लिहून या पद्धतीवर टीका केली. कागदाचा मोह फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

मग आपल्या वाडीतल्या आईबापांनी करायचं काय? दोन्ही दारं एकाच वेळी ठोठवायची. पहिलं दार आरोग्याचं. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करायची असते. गावात पथक कधी येणार ते सेविकाताईंना विचारून ठेवा, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. एक गोष्ट लक्षात असू द्या: केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचं नाव देत नाहीत, ‘सर्वांगीण विकासातील विलंब’ असं निदान लिहितात आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. हा शिक्का कायमचा, या भीतीनं पुष्कळ घरं मागे हटतात. त्यांना एवढं तरी सांगायला हवं. आणि तपासताना मुलाशी घरच्या बोलीत बोलायला सांगा. ठाकर किंवा महादेव कोळी घरातलं मूल पुस्तकी मराठीपुढे गप्प बसलं तर त्याला कळत नाही असं होत नाही.

दुसरं दार शिक्षणाचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल आला. त्यात लवकर ओळख, मुलाला बरोबर घेणं आणि पुढे पाठवणं या तिन्ही गोष्टी आहेत. पहिलीत गेल्यावर समग्र शिक्षाअंतर्गत तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक. ते कमी आहेत, खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. मुलांची नोंदच झाली नाही, तर शिक्षक मागायचे कशाच्या आधारावर?

म्हणून अर्ज लेखी द्यावा, मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. त्यात रोगाचं नाव नसलं तरी चालेल. मूल काय करतं, काय करत नाही, कशानं घाबरतं, कशानं शांत होतं, एवढं साध्या शब्दांत लिहावं. वैयक्तिक शिक्षण आराखडा मागावा. हंगामात नारायणगावकडच्या बागायतीत मजुरीला उतरणाऱ्या कुटुंबांनी अंगणवाडीतल्या नोंदींची प्रत बरोबर ठेवावी, कारण मूल गाव बदलतं पण फाइल बदलत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पश्चिम पट्ट्यातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे.