लेखांक ९ : ‘तेवढे दिवस अंगावर पाजू नका’

गेल्या आठवड्यात आपण दूध कमी होण्याची कारणं पाहिली. त्यातलं एक मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्यासाठी अख्खा लेखांक हवा. ताप असो, दाढदुखी असो की लघवीची जळजळ, बाळंतिणीला गोळ्या लिहून दिल्या जातात आणि जाताजाता सांगितलं जातं, ‘औषध चालू आहे तेवढे दिवस अंगावर पाजू नका.’ पाच दिवस बाळ वरच्या दुधावर राहतं. इकडे छाती भरून ठणकायला लागते, तिकडे बाळाला बाटलीची सवय होते. सहाव्या दिवशी आई बाळाला जवळ घेते तर ते तोंडच लावत नाही. पाजणं बंद करायला सांगणं हेसुद्धा एक औषध लिहून देण्यासारखंच आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याचेही दुष्परिणाम असतात, आणि ते तोलूनमापूनच सांगायला हवं.

तोलायचं कशावर, ते समजण्यासाठी औषध दुधात कसं उतरतं ते पाहू. आईने घेतलेली गोळी आधी तिच्या रक्तात जाते आणि रक्तातून दूध तयार करणाऱ्या पेशींमध्ये झिरपते. लहान रेणूंची, चरबीत विरघळणारी औषधं सहज झिरपतात. इन्सुलिन किंवा हेपॅरिनसारखे मोठे रेणू जवळजवळ जातच नाहीत, आणि कणभर गेले तरी बाळाच्या पोटातून ते रक्तात पोचत नाहीत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत या पेशींमधल्या फटी मोठ्या असतात, त्यामुळे तेव्हा औषध जास्त शिरतं. पण त्या दिवसांत चीकच येतो, तोही थोडा, म्हणून बाळापर्यंत पोचणारी एकूण मात्रा कमीच राहते.

मग ही मात्रा मोजतात. निव्वळ अंगावर पिणारं बाळ दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. एवढ्या दुधातून त्याला दर किलोमागे किती औषध मिळालं आणि आईला तिच्या दर किलोमागे किती मिळालं, याचं प्रमाण काढतात. ते १० टक्क्यांच्या आत असेल, तर औषध सहसा चालण्यासारखं धरलं जातं. आयब्युप्रोफेनचं हे प्रमाण १ टक्क्याच्याही आत आहे. पॅरासिटॅमॉल तर तापात बाळालाही दिलं जातं, आणि दुधातून येणारी मात्रा त्या डोसाहून कमी असते. ॲमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन ही नेहमीची अँटिबायोटिक्स आणि थायरॉईडची गोळी घेतानाही पाजता येतं. अँटिबायोटिकमुळे बाळाला थोडे पातळ जुलाब होऊ शकतात किंवा तोंडात पांढरा थर येऊ शकतो. त्यावर लक्ष ठेवावं, पाजणं थांबवू नये.

तरी औषधासोबतच्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात ‘गरोदरपणी व स्तनपानकाळात टाळा’ असं छापलेलं असतंच. पुष्कळदा त्याचा अर्थ धोका दिसला असा नसून, पाजणाऱ्या आयांवर चाचण्या झालेल्या नाहीत एवढाच असतो. कोविड लसीचं असंच झालं. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडे लसीकरण सुरू झालं तेव्हा पाजणाऱ्या मातांना वगळलं होतं. मे महिन्यात केंद्राने त्यांना परवानगी दिली.

शिवाय त्या कागदावर गरोदरपण आणि स्तनपान एकाच ओळीत असतं, आणि खरा घोळ तिथेच होतो. वॉर्फरिनचंच बघा. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब होऊन कृत्रिम झडप बसवलेल्या तरुण स्त्रिया आपल्याकडे कमी नाहीत, आणि रक्त गोठू नये म्हणून त्यांना हे औषध कायम घ्यावं लागतं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ते गर्भाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीला बाधक ठरतं. बाळ जन्माला आल्यावर मात्र चित्र उलटं होतं. वॉर्फरिन रक्तातल्या प्रथिनांना सुमारे ९९ टक्के चिकटून राहतं, म्हणून दुधात उतरतच नाही म्हटलं तरी चालेल. नऊ महिने जिवावर उदार होऊन बाळ वाढवलेल्या या आईला ‘आता पाजूही नका’ सांगणं हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

छातीत गाठ होऊन थंडीताप आला की हा सल्ला तर घातकच ठरतो. साचलेलं दूध उपसलं गेलं नाही तर गाठीचं गळू होऊन चीर द्यावी लागू शकते. अशा वेळी अँटिबायोटिक घ्यायचं आणि पाजत राहायचं. दूध पिळून मोरीत ओतल्याने औषध लवकर निघून जात नाही. रक्तातली पातळी उतरली की दुधातलं औषध आपसूक रक्तात परततं.

काही औषधांना मात्र खरंच मनाई आहे. कर्करोगावरची बहुतेक केमोथेरपी त्यात येते. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं असेल तर काही आठवडे आधीच पाजणं बंद करावं लागतं, आणि त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. कोडीन असलेली खोकल्याची आणि दुखण्याची औषधं टाळावीत. यकृत कोडीनचं मॉर्फिन करतं, आणि काहींच्या शरीरात हे इतक्या झपाट्याने होतं की दुधातून आलेल्या मॉर्फिनने बाळाचा श्वास मंदावू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोडीन आणि ट्रॅमाडॉल या दोन्हींबद्दल पाजणाऱ्या मातांना सावध केलं.

काही औषधं बाळाला सहसा त्रास देत नाहीत, पण दूध आटवतात. सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन त्यातलंच. इस्ट्रोजेन असलेल्या ‘माला-एन’सारख्या गर्भनिरोधक गोळ्या पहिले सहा आठवडे घेऊच नयेत, आणि अंगावर पाजत असाल तर सहा महिन्यांपर्यंत टाळाव्यात. सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘छाया’ गोळी किंवा सहा आठवड्यांनंतरचं ‘अंतरा’ इंजेक्शन, दोन्ही अंगावर पाजताना चालतात.

ज्यांना कुणी औषध मानत नाही, अशा गोष्टींचीही इथे नोंद घ्यायला हवी. आपल्याकडे कितीतरी घरांत बायका सकाळी मशेरी लावतात. तिच्यातलं निकोटिन दुधात रक्तापेक्षाही जास्त साचतं. मशेरी सोडावी, आणि सुटेपर्यंतही पाजणं चालू ठेवावं. बाळंतिणीला दिली जाणारी आसवं-अरिष्टं आंबवून केलेली असतात, म्हणजे त्यांत अल्कोहोल असतो. त्याचं प्रमाण बाटलीवर छापलेलं असतं, ते वाचावं.

क्षयरोग झालेल्या आईला तर बाळापासून दूरच ठेवलं जातं. खरं तर नेहमीची औषधं घेत तिने पाजायला हरकत नसते. रिफॅम्पिसिनमुळे दूध नारिंगी दिसलं तर घाबरू नये. थुंकीत जंतू असतील तोवर मास्क लावावा आणि बाळाला प्रतिबंधक औषध वेगळं द्यावं, कारण दुधातून येणारी मात्रा त्यासाठी पुरत नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यातही असंच आहे. सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं, म्हणून या काळात डॉक्टर बऱ्याचदा तेच निवडतात. ‘बाळासाठी’ म्हणून आईने स्वतःहून गोळ्या बंद करणं दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांना बाळाचं वय आणि ते किती दिवस आधी जन्मलं हे आवर्जून सांगा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ औषध शरीराबाहेर टाकायला सर्वात हळू असतं, तर वरण-भात खाणाऱ्या आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात दूधच कमी जातं. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर ती रात्रीचं पाजून झाल्यावर, बाळाच्या लांब झोपेआधी घ्यावी. डॉक्टर साशंक असतील तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या ‘लॅक्टमेड’ या विनामूल्य माहितीकोशात एकेका औषधाची नोंद आहे, ती त्यांना पाहायला सांगा. आणि आईचं नवं औषध सुरू झाल्यावर बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपू लागलं, दुधासाठी उठेनासं झालं किंवा अंग सैल सोडू लागलं, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या.

(पुढच्या आठवड्यात : कामावर परतणारी आई आणि काढून ठेवलेलं दूध)