मारखोर: साप खाणारी बकरी?

जवाहरनगरातल्या मंडळींनो, आपल्याकडे डोंगरी रानबकरी दिसणार नाही, हे आधीच सांगतो. आपल्या कोका अभयारण्यात चौशिंगा आहे, पण तो कुरंग. खरी रानबकरी पाहायची तर थेट काश्मीर गाठा. तिथे काझीनाग आणि पीर पंजालच्या कड्यांवर मारखोर राहतो.

नाव फारसी. ‘मार’ म्हणजे साप, आणि ‘खोर’ आपल्या लाचखोर, चुगलखोरमधलाच. म्हणजे सापखाऊ! पण हा गडी पक्का शाकाहारी. उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात झाडपाला. मागच्या पायांवर उभा राहून फांद्या ओरबाडतो. मग साप आला कुठून? लोककथा सांगते, तो साप मारून खातो आणि रवंथ करताना गळलेला त्याचा फेस वाळला की सर्पदंशावर उतारा होतो. (असलं काही करू नका. साप चावला तर सरळ दवाखाना!) मला दुसरा तर्क जास्त पटतो: नराची पिळदार शिंगं दीड मीटरच्या आसपास वाढतात, अगदी वेटोळं घातलेल्या सापासारखी. त्यावरून नाव पडलं असावं.

नावावरून फसवणारा आणखी एक डोंगरी प्राणी दक्षिणेत आहे: निलगिरी ताहर, तमिळनाडूचा राज्यप्राणी. तमिळमध्ये तो ‘वरैआडू’, म्हणजे कड्यावरची शेळी. गंमत अशी की २००५ साली जनुकीय अभ्यासात तो मेंढ्यांचा जवळचा नातलग निघाला. बघायचा असेल तर मुन्नारजवळचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान उत्तम. फक्त फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जाऊ नका. पिल्लं जन्मण्याचा काळ म्हणून उद्यान तेव्हा सहसा बंद असतं.