बाळंतिणीचा रक्तस्राव आणि सात मिनिटांची नळी

बाळ रडले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. सगळे बाळाभोवती जमतात आणि बाळंतिणीकडे थोडे दुर्लक्ष होते. पण बाळंतपणानंतरचे पहिले काही तास तिला फार जपण्याचे असतात. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले, तर तो धोक्याचा रक्तस्राव समजतात. कपड्यांत जिरलेले रक्त नेहमी आहे त्यापेक्षा कमी वाटते. जिच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिला तर याहून थोडे गेले तरी सोसत नाही.

आम्हा निसरपुरच्या परिसरातील लोकांना हा विषय परका नाही. नर्मदेपलीकडील बडवानी जिल्ह्यात 2010 साली एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत वीसहून अधिक स्त्रिया गरोदरपणात व बाळंतपणात दगावल्या. त्यांत आदिवासी स्त्रिया पुष्कळ होत्या. डिसेंबरमध्ये लोकांनी मोर्चा काढला. पुढे चौकशी करणाऱ्यांना दिसले की पंडुरोग पुष्कळ होता, तरी गरोदरपणात तपासणी नीट होत नव्हती. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवलेल्या काहींना शेवटपर्यंत उपचार मिळालेच नाहीत. जुने निसरपुर 2019 साली सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले आणि वस्ती नव्या जागी आली. पण बाळंतिणीला वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचवण्याची काळजी आमच्या पाठीशी तशीच आहे.

रक्त चढवले की बाई वाचली, असे आपण समजतो. ते नेहमी खरे नसते. रक्तपेढीतून बहुधा तांबड्या पेशींची पिशवी मिळते. या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पण रक्त गोठवीत नाहीत. रक्त गोठण्यासाठी फायब्रिनोजेन नावाचे द्रव्य लागते. निरोगी गरोदर स्त्रीच्या एक लिटर रक्तरसात ते साधारण 4 ते 6 ग्रॅम असते. रक्तस्राव चालू असताना ते 2 ग्रॅमच्या खाली आले, तर ती मोठ्या धोक्याची खूण समजावी. वार वेळेआधी सुटली, बाळ पोटात दगावून बरेच दिवस राहिले, जंतुदोष झाला किंवा नुसते सलाईनच फार चढवले, तर हे द्रव्य कमी पडते. मग एका बाजूने पिशवी चढते आणि दुसऱ्या बाजूने रक्त वाहून जाते.

हे ओळखण्याची एक साधी परीक्षा खाटेजवळच करता येते. डॉक्टर किंवा नर्सबाई शिरेतून 2 मिलिलिटर रक्त काढून लहान, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात व ती मुठीत धरून उबदार ठेवतात. चार मिनिटांनी नळी हळूच तिरपी करून पाहतात व पुढे दर मिनिटाला पाहतात. चांगले रक्त विरजण लागलेल्या दह्यासारखे घट्ट होते, नळी उपडी केली तरी सांडत नाही. सात मिनिटांनंतरही रक्त पातळच राहिले, किंवा गुठळी धरून लगेच फुटली, तर गोठण्याची शक्ती गेली आहे असे समजतात. घोणस चावलेल्या माणसाचे रक्त असेच काचेच्या नळीत 20 मिनिटे ठेवून पाहतात, हे आमच्या शेतकरी बांधवांपैकी काहींनी पाहिले असेल. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली, तर परीक्षा फसते.

नळीत रक्त गोठले नाही, तर नुसत्या तांबड्या पेशी पुरत नाहीत. गोठवलेला रक्तरस म्हणजे प्लाझ्मा, किंवा क्रायोप्रेसिपिटेट द्यावे लागते. ते नसेल तर तपासलेले ताजे संपूर्ण रक्त उपयोगी पडते. गोठवलेला प्लाझ्मा वितळवायलाही वेळ लागतो, म्हणून मोठ्या दवाखान्याला आधीच फोन करावा. वेल्ससारख्या देशातील प्रसूतिगृहांत खाटेजवळच्या यंत्रावर दहा-पंधरा मिनिटांत फायब्रिनोजेनचा अंदाज घेऊन कोणती पिशवी द्यायची ते ठरवतात. आमच्याकडे यंत्र नसले, तरी नळी आहे.

मात्र नळीकडे पाहत उपचार थांबवू नयेत. गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन देणे आणि तीन तासांच्या आत ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन देणे ही कामे लगेच व्हायला हवीत. नळीत रक्त गोठले म्हणून निर्धास्त राहू नये. रक्त जातच राहिले, तर परीक्षा पुन्हा करावी लागते. बाळंतिणीला उबदार पांघरुणात ठेवावे, कारण अंग गार पडले की रक्त नीट गोठत नाही.

घरच्यांनी काय करावे? गरोदरपणातच हिमोग्लोबिन व रक्तगट तपासून चिठ्ठी घरात ठेवावी. लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. रक्त देणारी दोन-तीन माणसे आधी ठरवून ठेवावीत. बाळंतपण दवाखान्यातच करावे. रक्त जास्त जाताना दिसले, तर लाजू नये, लगेच नर्सबाईंना सांगावे. दुसरीकडे न्यायचे झाले, तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: "नळीत रक्त गोठले का?" आणि "प्लाझ्मा कुठे मिळेल?" त्यांची उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. मग गाडी कुठे न्यायची ते निघण्याआधीच कळते आणि वाटेतला वेळ वाया जात नाही.