गार्ड पुढे नको, चेंबरखाली हवा

थार असो की बोलेरो, सोलापुरात गाडी घरी आली की पहिला खर्च ठरलेला असतो: पुढे जाडजूड लोखंडी बंपर गार्ड. ‘धडक बसली तरी गाडीला काही होत नाही,’ ही त्यामागची समजूत. पण धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपावा, अशीच त्याची रचना असते. चेपता चेपता तो धक्का जिरवतो. गार्ड थेट चासीला आवळला की तोच धक्का आत बसलेल्यांपर्यंत पोचतो, शिवाय एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते. समोर पायी चालणारा माणूस आला, तर त्याचे हाल विचारूच नका. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार ते बेकायदा आहेत. ‘सगळ्यांच्या गाडीला आहे’ हा काही परवाना नव्हे.

आपल्या पाणंदींवर आणि माळावर मार बसतो तो खालून. उघडा पडलेला दगड लागतो, इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटतो, ऑइल गळून जातं आणि लक्षात येईपर्यंत इंजिन जाम. इथे चेंबरखाली बसवलेली मजबूत लोखंडी स्किड प्लेट खरोखर उपयोगी पडते. मात्र पातळ पत्रा नको. तो दबून चेंबरलाच भिडतो. कंपनीच्या अधिकृत यादीतली, ऑइल सोडायला भोक असलेली प्लेट घ्या. आणि एकदा बसवली की काम संपलं, असंही नाही. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल प्लेट आणि चेंबरच्या मधे थापला जातो, वाळला की दगडासारखा होतो. पावसाळ्यात प्लेट खोलून धुवायलाच हवी.

टायर मोठे घातले की शेतात गाडी अडत नाही, हेही अर्धंच खरं. नक्षी चिखलाने भरली की मोठा टायरही जागीच फिरतो. तुरीची धसकटं आणि बाभळीचे काटे टायरच्या बाजूला घुसतात, तिथे पंक्चरची वात टिकत नाही. चांगली स्टेपनी हाच खरा उपाय.

सगळ्यात जीवघेणा गैरसमज स्नॉर्केलचा. स्नॉर्केल इंजिनाची हवा वरून घेतो, एवढंच. वायरिंग, गिअरबॉक्स, दारं खालीच राहतात. सध्याच्या थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने 650 मिलिमीटर दिली आहे, तीही संथ पाण्यासाठी. वाहतं पाणी दोन फुटांचं असलं तरी मोठी गाडी उचलून नेतं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचा पूर आपण पाहिला आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी अलीकडेच थांबवा. आणि साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलंच, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा आणि आधी मेकॅनिकला दाखवा.