मानजन्य डोकेदुखी

मानेतील सांधे, स्नायू, बंध किंवा मणक्यांमधील चकत्या यांच्या विकारामुळे मानेत सुरू होऊन डोक्याच्या मागील भागात, कानशिलावर किंवा डोळ्याभोवती जाणवणाऱ्या वेदनेस ‘मानजन्य डोकेदुखी’ म्हणतात. ही डोकेदुखी स्वतंत्र रोग नसून मानेतील विकाराचे लक्षण आहे. त्यामुळे डोक्यावर उपचार न करता मानेवर उपचार केल्यानेच ती कमी होते. नॉर्वेजियन तंत्रिकावैज्ञानिक ओटार शोस्टाड व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये या विकाराचे स्वतंत्र वर्णन करून त्याला हे नाव दिले. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेच्या वर्गीकरणाच्या २०१८ मधील तिसऱ्या आवृत्तीत तिचा समावेश दुय्यम, म्हणजे अन्य विकारामुळे उद्‌भवणाऱ्या, डोकेदुखीच्या गटात केलेला आहे. [⟶ डोकेदुखी].

शारीर : मानेत सात मणके असतात. प्रौढ व्यक्तीच्या डोक्याचे वजन साधारणपणे ४·५ ते ५ किग्रॅ. असते आणि ते या मणक्यांवर तोललेले असते. पहिला म्हणजे शिरोधर मणका कड्यासारखा असून त्याच्यावर कवटी टेकलेली असते; होकार देताना होणारी डोक्याची हालचाल मुख्यत्वे या सांध्यात होते. दुसऱ्या म्हणजे अक्ष मणक्याला दातासारखा उंचवटा असून त्याच्याभोवती शिरोधर मणका फिरतो. मान डावीकडे-उजवीकडे वळविताना होणाऱ्या एकूण हालचालीपैकी जवळजवळ निम्मी हालचाल या एकाच सांध्यात होते. कवटी व पहिला मणका, तसेच पहिला व दुसरा मणका यांच्यामध्ये चकती नसते. त्याखालील मणक्यांमध्ये मात्र चकत्या असतात. मानेच्या भागातील मेरुरज्जूपासून तंत्रिकांच्या आठ जोड्या निघतात. त्यांपैकी वरच्या तीन जोड्या मानेच्या वरच्या भागातील सांधे, कवटीखालचे लहान स्नायू व डोक्याच्या मागील बाजूची त्वचा यांना पुरवठा करतात.

मानेतील वेदना डोक्यात जाणवण्याचे कारण या तंत्रिकांच्या जोडणीत आहे. चेहरा, कपाळ व डोळे यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या त्रिमूल तंत्रिकेचे तंतू मस्तिष्क स्तंभातून खाली उतरून मानेतील मेरुरज्जूच्या वरच्या भागापर्यंत येतात. मानेच्या वरच्या तीन तंत्रिकांचे तंतूही तेथेच येतात आणि दोन्हींचे संदेश एकाच तंत्रिका कोशिकासमूहातून मेंदूकडे जातात. त्यामुळे वेदनेचा उगम नेमका कोठे आहे याचा निवाडा मेंदूला करता येत नाही व मानेतील सांधा दुखत असताना डोळ्यामागे ठणकते. मानेच्या खालच्या भागातील तंत्रिका या समूहापर्यंत पोहोचत नसल्याने तेथील चकती सरकली किंवा तंत्रिका दाबली गेली, तर कळ सामान्यतः खांद्याकडे व हाताकडे जाते; डोके दुखण्याचे ते नेहमीचे कारण नसते.

कारणे : दुसऱ्या व तिसऱ्या मणक्यांमधील सांध्याचा विकार हे सर्वांत महत्त्वाचे कारण मानले जाते. वाहनाच्या अपघातात मानेला अचानक हिसका बसणे, पडल्याने झालेली इजा, सांध्यांची वयोमानानुसार झीज आणि संधिशोथ यांमुळे हे सांधे दुखरे होतात. शिवणकाम, लेखन, जवाहिऱ्याचे काम, संगणकावरील काम, भ्रमणध्वनीचा दीर्घकाळ वापर यांत डोके धडाच्या रेषेपुढे झुकलेले राहते. डोके जितके पुढे जाईल तितका त्याचा भार तरफेच्या तत्त्वानुसार मानेच्या मागील स्नायूंवर वाढत जातो. हे स्नायू सतत ताणलेले राहून थकतात, तर मानेच्या पुढील बाजूस मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू दुर्बल होतात. मात्र बसण्याची ढब हे एकमेव कारण नसते. एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे, अपुरी झोप व मानसिक ताण यांचाही वाटा असतो.

लक्षणे व निदान : वेदना सामान्यतः एकाच बाजूस असते व बाजू बदलत नाही. ती कवटीच्या तळाशी सुरू होऊन पुढे सरकते. मान विशिष्ट दिशेने वळविल्यास, फार वेळ एका स्थितीत ठेवल्यास किंवा मानेचा विशिष्ट भाग दाबल्यास ती वाढते. मानेची हालचाल मर्यादित होते. अर्धशिशीतही अर्धे डोके दुखते आणि पुष्कळदा मानही अवघडते. म्हणून केवळ मान दुखते यावरून निदान करता येत नाही. ठोके पडल्यासारखी वेदना, ओकारी आणि प्रकाश व आवाज असह्य होणे ही लक्षणे ठळक असल्यास अर्धशिशीची शक्यता अधिक असते. [⟶ अर्धशिशी].

तपासणीत एक सोपी कसोटी उपयुक्त ठरते. रुग्णाला उताणे निजवून त्याची मान पूर्णपणे पुढे वाकवितात व त्याच स्थितीत डोके दोन्ही बाजूंस वळवितात. मान वाकविल्याने खालच्या मणक्यांची हालचाल जखडली जाते आणि वळण मुख्यत्वे पहिल्या दोन मणक्यांमध्येच होते. निरोगी व्यक्तीत ते प्रत्येक बाजूस सुमारे ४० ते ४५ अंश असते. दुखऱ्या बाजूस ते बरेच कमी आढळल्यास वरच्या सांध्याचा दोष संभवतो. क्ष-किरण चित्रावर मात्र फार विसंबता येत नाही. उतारवयात मणक्यांची झीज बहुसंख्य लोकांत दिसते व त्यांपैकी अनेकांना कोणताही त्रास नसतो. झीज दिसली म्हणजे डोकेदुखीचे कारण सापडले, असे नव्हे. शंका राहिल्यास संबंधित सांध्याच्या तंत्रिकेजवळ स्थानिक बधिरक टोचून वेदना थांबते का, हे तज्ञ पाहतात.

भौतिकी चिकित्सा : या विकारावरील उपचारांत भौतिकी चिकित्सेला प्रमुख स्थान आहे. तिची दोन अंगे आहेत : हातांनी करावयाचे उपचार व रुग्णाने स्वतः करावयाचे व्यायाम.

हातांनी करावयाच्या उपचारांत चिकित्सक ताठरलेल्या सांध्याला मंद व लयबद्ध दाब देऊन त्याची हालचाल हळूहळू वाढवितो. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी अशा हालचालींच्या पायऱ्या ठरविल्या व त्यांचा व्हर्टिब्रल मॅनिप्युलेशन हा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीत चिकित्सक मणक्यावर दाब कायम ठेवीत असतानाच रुग्ण स्वतः मान वळवितो. ही क्रिया वेदनारहित असावी लागते. कवटीखालच्या स्नायूंचे हलके मर्दन, ताण देणे व ऊबदार शेक यांनी तात्पुरता आराम मिळतो व पुढील व्यायाम सुकर होतो.

व्यायामांपैकी मानेच्या खोल स्नायूंचा व्यायाम विशेष महत्त्वाचा आहे. रुग्ण गुडघे दुमडून उताणा निजतो व डोके न उचलता, होकार दिल्याप्रमाणे हनुवटी किंचित आत घेतो. ही स्थिती सुमारे १० सेकंद टिकवून दहा वेळा हा व्यायाम करावयाचा असतो. मानेखाली हवेची पिशवी ठेवून तिचा दाब पाऱ्याच्या २० मिमी.पासून ३० मिमी.पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढविता येतो का, हेही मोजतात. येथे जोर लावणे अपेक्षित नसते. मानेच्या पुढील भागातील वरवरचे स्नायू ताठ होऊन उमटू लागले, तर व्यायाम चुकत आहे असे समजावे. पुढे खांद्याच्या फऱ्याला आधार देणाऱ्या स्नायूंचे व्यायाम जोडले जातात.

ऑस्ट्रेलियातील ग्वेन्डोलेन जल व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २०० रुग्णांचे चार गट केले होते : सांध्यांवरील उपचार, व्यायाम, दोन्ही एकत्र आणि यांपैकी काहीच नाही. उपचार सहा आठवडे दिले गेले. सांध्यांवरील उपचार व व्यायाम या दोहोंमुळे डोकेदुखीची वारंवारता व तीव्रता कमी झाली आणि हा लाभ बारा महिन्यांनंतरही टिकून होता. दोन्ही उपचार एकत्र केल्याने मिळालेला जादा लाभ संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. चिकित्सेची फलश्रुती केवळ चिकित्सकाच्या हातावर अवलंबून नसून रुग्णाच्या नियमित व्यायामावरही तितकीच अवलंबून असते, असे यावरून दिसते.

मानपट्टा तीव्र वेदनेत अल्पकाळ वापरल्यास दिलासा देतो. दीर्घकाळ वापरल्यास स्नायू अधिक दुर्बल होतात. मानेला हिसका बसल्यानंतरही अस्थिभंग नसल्याची खात्री झाल्यावर नेहमीच्या हालचाली लवकर सुरू करणे हितावह असते.

धोके व दक्षता : मान झटक्याने फिरविण्याचा उपचार धोक्यापासून मुक्त नाही. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या दोन कशेरुक रोहिण्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर जातात. झटक्यामुळे रोहिणीच्या भित्तीला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळा असली, तरी नोंदली गेली आहेत. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान ‘मोडून’ घेण्याची भारतात रूढ असलेली प्रथा याच कारणाने टाळणे इष्ट आहे. त्या वेळी होणारा आवाज सांध्यातील वंगणद्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने येतो. मणका जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. संधिवाताभ शोथ, अस्थिसुषिरता किंवा डाउन लक्षणसमूह असलेल्या व्यक्तींत असे झटके विशेष घातक ठरू शकतात.

अचानक उद्‌भवलेली अतितीव्र डोकेदुखी, पूर्वी कधी न अनुभवलेली मानेतील तीव्र कळ, ज्वरासह मान ताठणे, बोलणे अडखळणे, दुहेरी दिसणे, चालताना तोल जाणे, हातापायांतील शक्ती कमी होणे, तसेच पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी यांपैकी काहीही आढळल्यास भौतिकी चिकित्सा सुरू करण्यापूर्वी वैद्याकडून तातडीने तपासणी करवून घेणे आवश्यक असते. मस्तिष्कावरणशोथ, मेंदूतील रक्तस्राव व रोहिणीला पडलेली चीर यांची सुरुवात साध्या मानदुखीसारखी भासू शकते.

वेदनाशामक गोळ्यांचा दीर्घकाळ वापर हाही एक धोका आहे. डोकेदुखीचा विकार मुळात असणाऱ्या व्यक्तीने साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशा रीतीने तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते.

प्रतिबंध : काम करताना वाचनीय मजकूर किंवा पडदा साधारणपणे डोळ्यांच्या पातळीवर ठेवणे, अर्ध्या-पाऊण तासाने उठून मान व खांदे हलविणे, पालथे निजणे टाळणे आणि मान धडाच्या रेषेत राहील इतक्याच उंचीची उशी घेणे हे उपाय उपयुक्त आहेत. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमाल व बांधकाम मजुरांच्या बाबतीत मात्र केवळ सल्ला पुरेसा ठरत नाही. ओझ्याचे वजन कमी करणे व हातगाडीसारखी साधने उपलब्ध करून देणे हाच त्यांच्यासाठी खरा प्रतिबंधक उपाय होय. व्यायाम वेदना थांबल्यावरही चालू ठेवावे लागतात, कारण ते सोडल्यास त्रास पुन्हा उद्‌भवण्याचा संभव असतो. [⟶ भौतिकी चिकित्सा].