चर्चमध्ये मूल रमावं म्हणून

रविवारची सकाळ. पाळकांचा उपदेश ऐन रंगात आलेला असतो आणि मागच्या बाकावरचा चार वर्षांचा चिमुरडा मोठ्यानं विचारतो, "आई, घरी कधी जायचं?" पुढच्या रांगेतल्या दोन-तीन माना मागे वळतात. आई ओशाळते, त्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात येते आणि उपासना संपेपर्यंत तिथंच फेऱ्या घालत राहते. असं चार-सहा वेळा झालं, की ती ठरवून टाकते, 'जरा मोठा होऊ दे, मग नेऊ.'

चूक होते ती इथंच. मूल मोठं होईपर्यंत त्याची रविवारची सकाळ टीव्ही नाहीतर मोबाइलनं व्यापलेली असते. चर्च म्हणजे गप्प बसायची जागा, एवढंच त्याच्या मनात ठसतं. शिवाय आईची उपासनाही सुटते, ती वेगळीच.

लोक बालकांना येशूकडे आणू लागले तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावलं, पण येशू शिष्यांवरच रागावला आणि त्यानं बालकांना जवळ घेतलं, असा प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानात आहे. मुलांसह होणाऱ्या मिस्सासाठी कॅथॉलिक चर्चनं १९७३ मध्ये खास मार्गदर्शिका काढली. मुलांना समजेल अशी भाषा, गाणी, हालचाली आणि थोडी शांतताही त्यात सुचवली आहे. म्हणजे मुलांना नुसतं गप्प बसवायचं नाही, तर उपासनेत त्यांचा वाटा त्यांना द्यायचा.

तयारी शनिवारपासून

कॅथॉलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं आधीच ठरलेली असतात. इतर मंडळींत पाळकांना विचारून घेता येतं. शनिवारी रात्री झोपताना तीच गोष्ट मुलाला सांगा. येशूला पाहायला बुटका जक्कय उंबराच्या झाडावर चढला, ही गोष्ट ऐकलेलं मूल दुसऱ्या दिवशी 'जक्कय' हे नाव कानी पडताच टवकारून बसेल. रात्रीची झोप पुरेशी झालेली असावी आणि सकाळी पोटात काहीतरी गेलेलं असावं, हेही तितकंच महत्त्वाचं.

पुढं बसा

चटकन बाहेर पडता यावं म्हणून मुलांचे आई-वडील मागे बसतात. पण मागून मुलाला दिसतात त्या फक्त मोठ्यांच्या पाठी! पुढं बसल्यावर वेदी, मेणबत्त्या, पाळकांचे किंवा फादरांचे हात सारं दिसतं. 'आता काय चाललंय?' हे त्याच्या कानात हळूच सांगत राहा.

त्याचं काम त्याला द्या

प्रभूची प्रार्थना लिहिता-वाचता येण्याआधीच पाठ होऊ शकते. सगळ्यांबरोबर उभं राहणं, 'आमेन' म्हणणं, क्रुसाची खूण करणं, दानाच्या थैलीत स्वतःच्या हातानं नाणं टाकणं, ही कामं तीन-चार वर्षांच्या मुलालाही जमतात. वाचू लागलेल्या मुलाला गीताचा क्रमांक शोधायला सांगा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती भक्तिगीतं अभंग-ओवीच्या अस्सल मराठी वळणानं रचली. अशी गीतं घरी भाकऱ्या थापताना, अंघोळ घालताना गुणगुणली, तर चर्चमध्ये ती मुलाला ओळखीची वाटतात.

उपदेशाचा वेळ सर्वांत कठीण. तेव्हा कागद-पेन्सिल देऊन ऐकलेल्या गोष्टीचं चित्र काढायला सांगावं. बिस्किटांचा पुडा मात्र नको, त्याची चुरचुर साऱ्या चर्चभर ऐकू जाते. 'शांत बसलास तर चॉकलेट' हा सौदाही टाळावा.

रडलंच तर?

बाहेर न्यावं, पण मांडीवरच ठेवावं आणि शांत होताच परत आत आणावं. बाहेर पळापळीची मजा मिळते हे कळलं, की पुढच्या रविवारी ते मुद्दाम रडेल. शेजारच्यांनीही वळून पाहण्याऐवजी "ये माझ्याकडे" म्हटलं, तर त्या आईचा जीव भांड्यात पडेल. घरी जाताना 'किती त्रास दिलास' असं न म्हणता 'आज कुठलं गाणं आवडलं?' असं विचारा.

फळ लगेच दिसणार नाही. पण एखाद्या रविवारी सगळी मंडळी 'आमेन' म्हणून थांबेल आणि मागोमाग एक चिमुकला 'आमेन' उशिरा ऐकू येईल. तेव्हाही माना वळतील, पण या वेळी हसऱ्या चेहऱ्यांनी!