गोळी आणि प्रार्थना: मंडळीत ऐकू येणारे काही गैरसमज

"प्रार्थना केली, देवानं बरं केलं, आता गोळ्याही सोडल्या." उपासनेत अशी साक्ष कुणी दिली की सगळी मंडळी 'हालेलुया' म्हणते. साक्ष देणाऱ्याचा आनंद खरा असतो, त्या दिवशी त्याला बरंही वाटत असतं. घोटाळा नेमका इथेच होतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराच्या गोळ्या बंद केल्या की आजार दुसऱ्याच दिवशी उलटतो असं नाही. अनेकदा मधले काही आठवडे, काही महिने चांगले जातात. औषधामुळे येणारी सुस्ती, हातांचा कंप कमी होतो आणि माणूस आधीपेक्षा तरतरीत दिसू लागतो. मग हळूहळू झोप उडते. बोलणं वाढतं, किंवा शेजारी आपल्याबद्दलच कुजबुजताहेत असं वाटू लागतं. तोवर साक्षीचा तो रविवार सगळे विसरलेले असतात. गोळ्या सोडल्या म्हणून हे झालं, हे घरच्यांच्याही लक्षात येत नाही. "विश्वास डळमळला असेल," एवढंच कुणीतरी म्हणतं, आणि आजाराच्या ओझ्यावर अपराधाचं ओझं चढतं. लिथियमसारखं औषध एकदम तोडलं तर ते हळूहळू कमी करण्यापेक्षा उन्माद उलटण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे बरं वाटत असलं, अगदी देवानं बरं केलं असं मनापासून वाटत असलं, तरी डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टरांसमोर बसूनच ठरवावं.

"विश्वास पुरेसा असता तर डॉक्टर लागलाच नसता." या समजाला उत्तर म्हणून मला ई. स्टॅन्ले जोन्स यांची आठवण होते. 1907 साली भारतात आलेल्या या अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्याची मनःस्थिती पहिल्या काही वर्षांतच कामाच्या ताणानं पुन्हा पुन्हा ढासळली. विश्रांती घेऊनही फरक पडेना. शेवटी लखनौच्या एका चर्चमध्ये प्रार्थना करताना आपल्याला आरोग्य मिळालं, असं त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. म्हणजे चमत्काराची साक्ष त्यांच्याकडेही होती. पण त्या साक्षीचा नियम करून त्यांनी तो इतरांवर लादला नाही. उलट 1950 साली त्याच लखनौत त्यांनी नूर मंझिल हे मनोविकारांवर उपचार करणारं केंद्र उभारलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचाही बागायम इथे मनोविकार विभाग आहे, आणि तिथे रुग्णासोबत घरच्या माणसानं राहायचं ही जुनी पद्धत आहे. प्रार्थनेवर विश्वास असलेल्या लोकांनीच ही कामं उभी केली. उपचार आणि विश्वास यांचं वैर त्यांना दिसलं नाही.

"हा आजार नाही, बाधा आहे." यात वेळ तर जातोच, कधी जीवही जातो. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार भूत काढण्याचा औपचारिक विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही फादरला करता येत नाही. 1999 च्या सुधारित विधीत तर आजारी माणसाला बाधित समजू नये, विशेषतः मनोविकारात, असं बजावलं आहे, आणि वैद्यकीय जाणकारांचं मत घ्यायला सांगितलं आहे. नुसती परवानगी पुरत नाही हे जर्मनीनं पाहिलं. अॅनेलिझे मिशेल या विद्यार्थिनीला अपस्माराचं निदान झालेलं होतं. बिशपांच्या परवानगीनं तिच्यावर महिनोन्‌महिने भूत काढण्याचे विधी झाले. 1976 साली, वयाच्या 23 व्या वर्षी, ती उपासमारीनं गेली. 1978 मध्ये न्यायालयानं तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना दोषी ठरवलं. आपल्याकडे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, दोरानं किंवा साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे, मग मंत्र म्हटला जात असो की येशूचं नाव घेतलं जात असो.

गोळ्यांची सवय लागते का? झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची लागते, म्हणून त्या थोड्याच दिवसांसाठी देतात. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशेसारखी ओढ लागत नाही, मात्र त्या अचानक थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्याच आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात.

एका आजाराबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो भक्तीचाच वेष घेऊन येतो. कन्फेशन करून बाहेर पडल्यावर 'मी ते पाप नीट सांगितलं का?' ही शंका येते, म्हणून माणूस परत आत जातो. संध्याकाळी पुन्हा तीच शंका. प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात. क्रुसाकडे पाहताच नको तो विचार मनात येतो आणि 'मी नरकात जाणार' या भीतीनं घाम फुटतो. हा मंत्रचळेपणाचा, म्हणजे ओसीडीचा, धार्मिक प्रकार आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी मान्रेसात असे दिवस काढले. पुन्हा पुन्हा पापं कबूल करूनही मन शांत होईना, इतकं की जीव द्यावा असा विचार आला, असं त्यांच्या आत्मचरित्रात आहे. इथे फादरांनी दर वेळी "तुला क्षमा झाली" असा दिलासा दिला तर आजार पोसला जातो. दिलासा तासभर टिकतो आणि मग तोच पुन्हा हवासा वाटतो. शंका येऊ द्यायची आणि तरीही कन्फेशनकडे धावायचं नाही, असा सराव टप्प्याटप्प्यानं करून घेणारी थेरपी उपलब्ध आहे. जोडीला गोळ्याही दिल्या जातात. कन्फेशन किती दिवसांनी करायचं हे फादर आणि थेरपिस्ट यांनी मिळून ठरवलं तर फारच बरं.

'वेड्यांच्या इस्पितळात' राहिलेला माणूस देवाच्या नजरेत कमी होतो, असं वाटणाऱ्यांनी लुई मार्टिन यांचं नाव लक्षात ठेवावं. संत तेरेझा ऑफ लिझ्यू यांचे हे वडील 1889 पासून तीन वर्षं फ्रान्सच्या काँ शहरात मनोरुग्णालयात होते. मुली मठात गेल्यानं त्यांना वेड लागलं, असं गावात बोललं गेलं. 2015 साली चर्चनं त्यांना संत घोषित केलं.

आत्महत्येविषयी कॅथलिक धर्मशिक्षणाची भूमिका अनेक घरांत अजून पोचलेली नाही. गंभीर मानसिक आजारानं त्या व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते आणि तिच्या तारणाची आशा सोडू नये, असं ते स्पष्ट सांगतं. 1983 च्या चर्चसंहितेत आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारण्याचा जुना नियम उरलेला नाही. आणि जगणाऱ्यासाठी: मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही चालतो. पाळकांनी तो चर्चच्या सूचनाफलकावर लावावा.

उपवासकाळ सुरू होण्याआधी आणखी एक काम करावं. लिथियम घेणाऱ्यांनी पाणी न पिता कडक उपास केला तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. उलट्या, हातपाय थरथरणं, तोल जाणं ही तिची लक्षणं. उपासाचा बेत डॉक्टरांना आधी सांगावा. आजाऱ्याला उपासातून सूट आहेच. घरभेटीला गेलेल्या पाळकांनीही प्रार्थनेआधी "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" एवढं विचारून घ्यावं.